देवांची पोरं नववी ब मध्ये : कॉमिकसाठी पात्रं सुचवा

हळदीचा_हिशेब (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळाय, हसू नका. माझी भाची नववीत आहे, चित्रं भारी काढते (मामा म्हणून सांगत नाही, खरंच काढते) आणि दिवाळीपासून तिच्या डोक्यात एक कॉमिक बसलंय. देवांची पोरं आपल्यासारख्या शाळेत शिकायला आलीत, युनिफॉर्म, डबा, घटक चाचणी, पीटीचा तास, सगळं. सुरुवातीला तिनं जे काढलं ते ग्रीक देवांचं होतं, झ्यूसचा पोरगा, पोसायडनची पोरगी, कुणाच्या हातातनं वीज निघतीय, कुणी पाणी उसळवतंय. मी म्हटलं अगं चित्रं एक नंबर आहेत पण ही पोरं विश्रामबागेतनं सायकलवर येणारी वाटत नाहीत. तर म्हणाली, "मामा, मग आपल्या देवांना पोरं नाहीत का?"

मी गणपती म्हटलं, कार्तिकेय म्हटलं आणि गप्प बसलो. दिवसभर अडत पेढीवर पोत्यांचे हिशेब बघणारा माणूस मी, पुराणाचा आपला संबंध सत्यनारायणाच्या कथेपुरता आणि त्यातही लक्ष प्रसादाकडं.

एक गोष्ट सांगतो म्हणजे मी का एवढं मनावर घेतलंय ते कळेल. आमच्याकडं वडिलांनी बांधून ठेवलेले चांदोबाचे अंक होते. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तळमजल्यावरची ट्रंक बुडाली. पाणी उतरल्यावर आम्ही ते अंक गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातले, बनियन टॉवेलच्या शेजारी विक्रम आणि त्याच्या पाठीवर वेताळ. पानं एकमेकांना चिकटलेली, सोडवायला गेलं की वेताळाचं निम्मं तोंड पुढच्या पानावर जायचं. भाची तेव्हा एवढीशी होती, तिनं ते अर्धे अर्धे चेहरे वहीत पुरे करायला घेतले. तिचं चित्र काढणं तिथनं सुरू झालं. म्हणून हे निम्म्यात सोडायचं नाही असं मी ठरवलंय.

तर विचारायचंय ते असं की आपल्याकडची कुठली पोरं घेता येतील, ती पुस्तकी मराठी बोलतील का आपल्यासारखी, आणि मुळात हे काढावं का. माझी आई म्हणते देवाची चेष्टा नको, जे काढायचं ते गणपतीचं एक छान चित्र काढ आणि गप्प अभ्यास कर. आणि झालंच तयार तर शंभरेक प्रती छापायला काय करावं लागतं तेही सांगा.

---

पारावरचा_आप्पा

भाचीला शाबासकी सांगा. आणि तिला म्हणावं ती वीज आणि पाणी जरा बाजूला ठेव, आपल्या पुराणात देवांची पोरं शोधायची तर आधी घरातली भांडणं बघायची.

सूर्याचंच घर घ्या. बायको संज्ञा, विश्वकर्म्याची लेक. नवऱ्याचं तेज सोसवेना म्हणून तिनं आपल्या सावलीला, छायेला, आपल्या जागी उभं केलं आणि स्वतः घोडी होऊन रानात निघून गेली. सूर्याला बरेच दिवस पत्ताच नाही! घरात संज्ञेची तीन पोरं, वैवस्वत मनू, यम आणि यमी म्हणजे यमुना. पुढं छायेला झाली सावर्णी मनू, शनी आणि तपती. आता छाया आपल्या पोरांना जवळ घ्यायला लागली आणि आधीच्यांना ताटात कमी. यमाला राग आला, त्यानं आईवर पाय उगारला, तिनं शाप दिला की तुझा पाय गळून पडेल. पोरगं रडत बापाकडं गेलं आणि म्हणालं की बाबा, सख्खी आई पोराला असा शाप देईल का. तिथं सूर्याच्या डोक्यात प्रकाश पडला. (सूर्याच्या डोक्यात प्रकाश पडायला एवढा वेळ लागला हे माझं नाही, पुराणातलंच.)

मग सासरेबुवांनी जावयाला शाणेवर धरून त्याचं तेज कमी केलं आणि त्या किसातनं विष्णूचं चक्र, शंकराचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती बनवली. सूर्य गेला संज्ञेला आणायला, तिथं घोडा-घोडीच्या रूपात अश्विनीकुमार झाले. म्हणजे एका बापाची आठ पोरं आणि त्यातली दोन पोरं घरात आली तेव्हा बाकीच्यांना माहितीच नव्हतं की आपल्याला भाऊ आहेत. यात कुठं वीज लागती का?

आता हे वर्गात बसवा. यम मॉनिटर, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणार, शेजारी चित्रगुप्त वही घेऊन. शनी शेवटच्या बाकावर. त्याचं नावच शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा, एक फेरी मारायला तीस वर्षं घेतो, तो प्रार्थनेला वेळेवर कसा येणार. आणि महत्त्वाचं, तो मान वर करत नाही. ब्रह्मवैवर्त पुराणात गोष्ट आहे की गणपती जन्मला तेव्हा सगळे देव बाळ बघायला आले, शनी मान खाली घालून उभा. पार्वती म्हणाली बघ की माझ्या बाळाकडं. त्यानं बघितलं आणि बाळाचं डोकं गेलं. म्हणजे आता वर्गात बाई ओरडतायत "माझ्याकडं बघून उत्तर दे!", शनी पायाकडं बघून घाम पुसतोय आणि पहिल्या बाकावर गणपती पाठ फिरवून दप्तरात डोकं घालून बसलाय. त्याला एकदाचा अनुभव आहे. बाईंना काहीच माहीत नाही.

यमुना आणि तपती दोघी नद्या, तपती म्हणजे तापी. यम वर्षातनं एकदा बहिणीकडं जेवायला जातो ती आपली भाऊबीज.

आणखी पाहिजेत तर इंद्राचा जयंत आहे, लाडावलेला, त्याचं पुढं सांगतो. वायूचा मारुती आहे. मारुतीची शाळा तर कुठल्या पोराच्या वाट्याला येऊ नये. गुरू सूर्य, आणि सूर्याला थांबता येत नाही, म्हणून हा गुरूकडं तोंड करून उदयाचलापासून अस्ताचलापर्यंत त्याच्यासमोर चालत व्याकरण शिकला. भाचीला म्हणावं हे एक पान बिनसंवादाचं काढ. नुसता उलटा चालणारा मारुती, हातात वही आणि सकाळची सावली मोठी, दुपारची छोटी, संध्याकाळची परत मोठी.

---

साधा_माणूस_७

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे असले उद्योग नकोत. आज कॉमिक, उद्या कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकणार आणि मग तुमच्या भाचीच्या शाळेत, घरी माणसं येणार. पोरगी नववीत आहे, पुढच्या वर्षी दहावी. शनी महाराजांना शेवटच्या बाकावर बसवायचं म्हणजे काय? आमच्या घरी शनिवारी तेल वाहतात.

---

तिसरी_घंटा (सांगली, गावभाग)

साधा माणूस, तुमची काळजी खोटी नाही. पोरीचं नाव, शाळेचं नाव छापू नका हे मी पण सांगणार होतो. पण "असले उद्योग नकोत" हे सांगलीत बसून म्हणता म्हणजे कमाल आहे. या गावाची ओळखच हा उद्योग आहे की हो.

१८४२ ला कर्नाटकातल्या कर्कीची भागवत मंडळी इथं आली, खेळ केले. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी ते बघितले आणि विष्णुदास भाव्यांना सांगितलं की असं आपल्याकडं कर, पण जरा सुधारून. १८४३ ला सीतास्वयंवर झालं. दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो तो कशाचा? त्या खेळात गणपती यायचा, सरस्वती यायची, सूत्रधाराची टिंगल करायला विदूषक असायचा आणि राक्षस आले की "अलल डुर्र" करून तलवारी घेऊन नाचायचे. देवाचं सोंग घेणारा माणूस तुमच्याआमच्या गल्लीतलाच, दुसऱ्या दिवशी सकाळी तो नदीवर धोतर धूत असणार आणि लोक म्हणत असणार काय इंद्रदेव, आज पाण्याला जोर दिसतोय. (हे शेवटचं माझ्या मनचं, पण असं झालं नसेल तर ती सांगली नव्हे.)

आणि तमाशातली गौळण घ्या. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांच्या गौळणी आपल्या आज्यांनाही पाठ होत्या. कृष्णाला रस्त्यात अडवून मावशी काय काय विचारते, सगळ्या गावासमोर. तरीपण गण आधीच म्हणून झालेला असतो, गणपतीला वंदन केल्याशिवाय पुढं कोण जात नाही. मला वाटतं भाचीनं एवढंच करावं, पहिलं पान गणाचं ठेवावं. नारळ, गणपती, चित्र कसं मनापासून काढायचं तसं. आजीची इच्छा पण पुरी होईल. मग दुसऱ्या पानापासून शाळा.

शनीच्या बाबतीत माझं मत आप्पांसारखंच आहे. तो शेवटच्या बाकावर बसतो कारण त्याला कुणाचं वाईट करायचं नाहीये. असं पोरगं कुणाला हसण्यासारखं वाटेल? मला तरी त्याच्यासाठी वाईट वाटलं.

जाता जाता, शाळाच पाहिजे तर कचाला विसरू नका. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ ला विद्याहरण आणलं ते त्याच्यावरच, आणि खांडेकरांनी ययातीत देवयानी रंगवली, ते पण जन्मानं सांगलीचेच. म्हणजे हे पोरगं जवळजवळ गाववाला आहे आपला.

---

साधा_माणूस_७

गणाचं पान ठेवणार असाल तर ठीक. तरीपण सांभाळून. आणि तेल वाहतात ते दाखवा कुठंतरी, म्हणजे शनीच्या डोक्याला तेल जास्त असतं वगैरे. आमच्या मुलाच्या डोक्याला बायको असंच तेल थापून पाठवते, वर्गात त्याला चिडवतात.

---

फळ्यापुढच्या_बाई

बघा, साधा माणूस पण लेखक झाले! :)

मी हायस्कूलला मराठी शिकवते, वीस वर्षं नववीचे वर्ग बघतेय. भाषेचं सांगते. पोरं देवाची असली तरी "हे तात, मज गृहपाठ विस्मृत जाहला" असलं बोलवू नका, एक दोन पानं गंमत वाटते मग कंटाळा. पण सगळ्यांना एकसारखं "भावा लई भारी" पण नको. नववीतलं पोरगं घरी एक बोलतं, बाईंशी एक बोलतं आणि मधल्या सुट्टीत एक बोलतं, तेच पकडायचं. यमाला जरा अधिकाराची भाषा द्या, तो मॉनिटर आहे, "गप्प बसा रे, सर येतायत" म्हणतो आणि स्वतः सगळ्यात मोठ्यानं म्हणतो. शनी दोन शब्दांच्या वर बोलत नाही. जयंत मोबाईलवर ऐकलेलं हिंदी इंग्रजी मारतो. मारुतीचं काय करायचं ते माझ्या डोक्यात पक्कं आहे, लहानपणी फार दंगा केला म्हणून ऋषींनी त्याला शाप दिला होता की कुणीतरी आठवण करून दिल्याशिवाय तुला तुझी ताकद आठवणार नाही. असा एक मुलगा माझ्या प्रत्येक बॅचला असतो. सगळं येतं, तोंडी परीक्षेला उभा केला की शून्य, मग मागनं कुणीतरी हळूच म्हणतं "अरे काल तूच तर मला शिकवलंस" आणि हा धडाधडा सांगायला लागतो.

पालकसभा नक्की काढा. खरी माणसं तिथं दिसतात. इंद्राला कधीच वेळ नसतो, ड्रायव्हरला पाठवतो, मातलीला. सूर्य दिवसा सुट्टी काढू शकत नाही. छाया येते, सगळ्यात पुढं बसते, शनीबद्दल विचारते आणि यमाची वेळ आली की पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. बाईंना ते दिसतं. आम्हाला सगळं दिसतं हो, बोलता येत नाही.

कचाचं तिसरी घंटा म्हणाले ते बरोबर. बृहस्पतीचा मुलगा, म्हणजे देवांच्या मास्तरांचा मुलगा, शत्रूच्या मास्तरांकडं शुक्राचार्यांकडं संजीवनी शिकायला जातो. बाहेरच्या गावाहून आलेलं पोरगं होस्टेलला टाकल्यावर जे होतं तेच. तिथल्या दानवांनी एकदा गाई राखताना मारून लांडग्यांना घातलं, एकदा वाटून समुद्रात कालवलं आणि तिसऱ्यांदा जाळून राख सरांच्याच दारूत मिसळली. रॅगिंगच की. प्रत्येक वेळी देवयानी वडिलांकडं हट्ट धरते म्हणून तो जिवंत होतो. तिसऱ्या वेळेला तो सरांच्या पोटात बसून संजीवनी शिकतो, बाहेर येतो आणि मग मेलेल्या सरांना उठवतो.

फक्त एक विनंती. देवयानीला रडकी, मागं लागणारी दाखवू नका. तिनं तीनदा जीव वाचवला, त्यानं शिक्षण पुरं झाल्यावर सांगितलं की मी तुझ्याच वडिलांच्या पोटातनं आलो, म्हणजे आपण भाऊबहीण. असं कुणी सांगितलं तर कुठली मुलगी चिडणार नाही?

---

पारावरचा_आप्पा

बाई, कचाची बाजू पण बघा. त्याला घरच्यांनी कामासाठी पाठवलं होतं, प्रेमासाठी नव्हे. आणि नातं म्हणाल तर पोटातनं आला हे खरंच आहे की.

---

फळ्यापुढच्या_बाई

आप्पा, तांत्रिकदृष्ट्या बरोबर असणं हे नववीतल्या मुलांचं लक्षण आहे.

बरं एक भर घालते, काही पुराणांत देवयानीची आई इंद्राची मुलगी जयंती आहे. म्हणजे जयंत तिचा मामा. एकाच वर्गात मामा आणि भाची! इथं प्रश्न विचारणारे मामाच आहेत म्हणून आठवलं.

---

पारावरचा_आप्पा

नात्याचा विषय काढलातच तर ऐका. कर्ण सूर्याचा. यम सूर्याचा. युधिष्ठिर धर्माचा, आणि धर्म म्हणजे यम धरला तर कर्ण हा युधिष्ठिराचा कुंतीकडनं थोरला भाऊ आणि बापाकडनं चुलता. नकुल सहदेव अश्विनीकुमारांचे, ते पण सूर्याचेच नातू. शाळेच्या फॉर्मवर "पालकांशी नाते" हा रकाना आला की कर्णाचा फॉर्म नुसता कोरा. तो विनोद पण आहे आणि नाही पण.

---

सेंटर_पिन (मिरज)

छपाईचं कुणीच बोललं नाही म्हणून मी. प्रेसला पंधरा वर्षं काढलीत, डीटीपीपासून कटिंगपर्यंत.

पहिलं, पानं चारच्या पटीत ठेवा. मधोमध पिन मारायची म्हणजे एक कागद दुमडला की चार पानं होतात. १६ आतली आणि ४ कव्हरची असं धरा. लोक १८ पानं घेऊन येतात आणि मग दोन पानांवर "टीप" असं लिहून मोकळी सोडतात. शंभर प्रतींना ऑफसेटच्या नादाला लागू नका, प्लेटचा खर्च अंगावर येतो, डिजिटल करा. आत काळंपांढरं, मॅपलिथो कागदावर, कव्हर तेवढं रंगीत. पोरीला आत्ताच सांगा चित्र ३०० डीपीआयला काढायचं आणि चारी बाजूनं ३ एमएम जादा सोडायचं, नाहीतर कटिंगला यमाचा रेडा शेपटीविना निघेल. मोबाईलवर दिसतो तो झगझगीत निळा कागदावर येत नाही, शाईचे रंग वेगळे, हे पण आधी सांगा म्हणजे नंतर रडारड नको.

दुसरं आणि सगळ्यात मोठं, फुग्यातली अक्षरं. इंग्रजी कॉमिक बघून फुगे काढले असतील तर ते सगळे लहान पडणार. आपल्याला वर मात्रा वेलांट्या, खाली उकार, मधी शिरोरेषा, दोन ओळींत अंतर जास्त लागतं. शब्द मधी तोडून डॅश देता येत नाही, वाचणारा अडखळतो. म्हणून आधी मजकूर लिहायचा, मग त्याच्याभोवती फुगा काढायचा. उलटं केलं की अक्षरं मुंगीएवढी होतात. फोटोशॉपमध्ये टाइप करत असाल तर टाइपच्या सेटिंगात वर्ल्ड रेडी लेआउट निवडा, ते नसलं की वेलांट्या उड्या मारतात, जोडाक्षरं फुटतात, "मस्ती"चं "मस् ती" होतं. असं छापून गेलेलं एक लग्नाचं बॅनर मी बघितलंय, नवऱ्याचं नाव वाचता येत नव्हतं, कुणाचं ते नाही सांगत. फॉन्ट युनिकोडच घ्या, मुक्ता किंवा बालू, दोन्ही फुकट आहेत, बालू जरा गुबगुबीत, पोरांच्या तोंडी शोभतो. पण खरं सांगू का, भाचीचं अक्षर चांगलं असंल तर तिलाच हातानं लिहू दे. शनीचे दोन शब्द बारक्या अक्षरात आणि यमाचे फुगा फाडून बाहेर आलेले, हे फॉन्टला जमत नाही.

---

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

सातारकर म्हणून एकच. एखाद्या रविवारी भाचीला औंधला न्या, रहिमतपूरवरनं रस्ता आहे. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला उभं केलेलं. हा राजा स्वतः चित्रं काढायचा, अख्खं रामायण चित्रांत काढलंय त्यानं. तिथं रविवर्म्याची चित्रं पण आहेत. आज आपण देव म्हटलं की डोळ्यासमोर जे येतं, साडी, दागिने, ढग, ते बरंचसं रविवर्म्याच्या छापखान्यातनं घराघरात गेलंय. म्हणजे देव कसे दिसतात हे पण कुणीतरी बसून ठरवलेलंच आहे, तुमच्या भाचीनं त्यांना पायात कॅनव्हासचे बूट घातले तर काय बिघडतं. पेन्सिल वही न्या, आणि आत वही चालते का ते दारात विचारून घ्या. डबा बांधून नेलात तर बरं.

---

हळदीचा_हिशेब (सांगली)

मंडळी, काय बोलू. दोन आठवडे झाले, उत्तर द्यायला उशीर झाला कारण घरात आता पुराण चालू आहे. भाचीला सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला, आई पण ऐकत होती, छाया पर्समध्ये शोधते तिथं आई म्हणाली, "आमच्या गल्लीत होती अशी एक." एवढंच म्हणाली आणि आत गेली. आता तिचा विरोध नाही, उलट यमाच्या डब्यात काय असावं यावर तिचं मत आहे. भाकरी आणि तिळाची चटणी, कारण सूर्याच्या घरी संक्रांतीचे तीळ उरलेले असणार.

पहिलं पान गणाचं झालं. तिसरी घंटा, तुमचं ऐकलं. गणपती काढायला तिला चार दिवस लागले, सोंड पाच वेळा खोडली.

शनीचं पान झालंय. मी सांगतो कसं आहे ते. सहा चौकटी. पहिल्या पाचांत शनीचा चेहराच नाही, नुसते त्याचे बूट, फरशी, फरशीवर पडलेला खडूचा तुकडा, बाईंच्या साडीचा काठ. म्हणजे त्याला जे दिसतं तेवढंच आपल्याला. फुगे वरून येतात, "वर बघ", "वर बघ म्हणते ना". सहाव्या चौकटीत तो वर बघतो पण खिडकीबाहेर, आणि बाहेर शाळेची घंटा टांगलेली दोरी तुटून पडलीय. खाली ओळ, "त्या दिवशी शाळा अर्धा तास लवकर सुटली." वर्गातली पोरं त्याला खांद्यावर घेऊन नाचतायत आणि त्याचे डोळे घट्ट मिटलेले. हे मी सुचवलेलं नाही, शपथ. मी पेढीवर होतो, घरी आलो तर झालेलं होतं. आणि हो, डोक्याला तेल चपचपीत आहे.

सेंटर पिन, फुगे सगळे परत काढावे लागले, तुमचं नाव घेऊन घेऊन काढले.

आता अडकलंय जयंतापाशी. आप्पा, तुम्ही पुढं सांगतो म्हणाला होता. तिनं तोवर त्याला श्रीमंत बापाचं पोरगं काढलंय, महाग गॉगल, मधल्या सुट्टीत कावळा होऊन दुसऱ्यांच्या डब्यातलं पळवतो. फोटो टाकलाय तिसऱ्या पानाचा.

---

पारावरचा_आप्पा

पान बघितलं. कावळा झकास, डबा उघडा आणि चोचीत बटाट्याची काचरी, वा. पण एक मोठी चूक आहे.

गोष्ट अशी. चित्रकूटावर सीतेला एका कावळ्यानं चोच मारली. रामानं दर्भाची एक काडी उचलली, मंत्र घातला आणि सोडली. कावळा पुढं, काडी मागं. तिन्ही लोक फिरला, कुणी घरात घेईना, बापानं पण नाही. शेवटी परत रामाच्याच पायावर आला. रामानं जीव वाचवला पण अस्त्र फुकट जाऊन चालत नाही, म्हणून उजवा डोळा द्यावा लागला. वाल्मीकी नुसतं इंद्राचा पोरगा म्हणतात, जयंत हे नाव पुढच्यांनी जोडलं. तर मुद्दा हा की कावळ्याला एकच डोळा पाहिजे, डावा. भाचीनं दोन काढलेत.

बापानं दार लावलं ते पण घ्या कुठंतरी. गॉगल घालून फिरणारं पोरगं का फिरतं ते कळेल.

---

फळ्यापुढच्या_बाई

आप्पा, गॉगल! तो गॉगल म्हणूनच आहे की. तिनं आधीच बरोबर काढलंय, तिला माहीत नव्हतं एवढंच.

आणि कावळ्याच्या दोन डोळ्यांचं पण चालून जाईल. संस्कृतात काकाक्षिगोलक न्याय आहे, कावळ्याला खोबणी दोन पण बुबुळ एकच, ते लागेल तिकडं सरकवतो अशी समजूत.

---

हळदीचा_हिशेब (सांगली)

वाचून दाखवलं. भाची पाच मिनिटं काहीच बोलली नाही, मग खोडरबर घेतला. आता पहिल्या चौकटीत बुबुळ डावीकडं आहे, दुसरीत उजवीकडं, आणि तिसरीत, जिथं तो डबा पळवतो, तिथं बुबुळ मधनं जाताना चोचीच्या वर अडकलंय. आई हसून हसून दाराला टेकली.

गॉगल मात्र तिनं काढू नको म्हटलं तरी काढला. म्हणजे जयंताच्या डोळ्यावरनं उतरवला आणि त्याच्या दप्तरात ठेवला, नुसती एक काडी बाहेर दिसते. का ते विचारलं तर म्हणाली पान अकराला कळेल. ते पान अजून मला पण दाखवलेलं नाही.